खोकला निरोग्याचा आणि खोकला आजाऱ्याचा



आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतल्या बचत गटांच्या बायका. आज खोकल्याच्या औषधावर बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण आमच्या बैठकीत हप्ता, व्याज आणि थकबाकी उरकली की बोलणं दवाखान्यावर येतं, आणि दवाखान्याच्या सगळ्यात जास्त फेऱ्या खोकल्यासाठीच झालेल्या असतात.

ज्यांनी आमची चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या, म्हणून नाव बीडीडी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांना मिळून. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी होत्या. आता पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्या अजून जुन्या खोल्यांत आहेत त्यांच्या आजूबाजूला पाडकाम, सिमेंट आणि धूळ. एवढ्याशा खोलीत आठ माणसं झोपतात, त्यातलं एक पोर रात्री खोकायला लागलं की भिंतीपलीकडचंही घर जागं होतं. अशा वेळी बाटलीतला एक चमचा पाजून पोर गप्प झालं तर कोणाला नको आहे?

आणि ही बाटली चाळीत थांबत नाही. आमच्यातल्या बहुतेकींना गाव आहे, कोणाचं कोकणात, कोणाचं साताऱ्याकडे, कोणाचं कोल्हापूरकडे. गणपतीला, शिमग्याला, जत्रेला निघालो की जावेचा फोन येतो, "येताना ती मागची खोकल्याची बाटली आण गं, गुण येतो तिनं." मग एसटीच्या पिशवीत बामच्या डबीशेजारी ती बाटली जाते, गावी फळीवर बसते, आणि घरातल्या सगळ्यांना, म्हातारीपासून रांगत्या पोरापर्यंत, त्याच बाटलीतून औषध मिळतं.

आमच्या एका बैठकीत एका मावशींनी विचारलं, "गुण येतो गुण येतो म्हणता, पण तो बघितला कोणी? कसा बघितला?" या प्रश्नाचं उत्तर आमच्यातल्या बी.ए. झालेल्यांनाही येत नव्हतं, कारण बी.ए.ला हे शिकवत नाहीत. मग डॉक्टरांना विचारलं, वाचलं, एकमेकींना समजावलं. त्यातून जे हाती आलं ते तुम्हाला सांगतो.

खोकल्याची औषधं तपासायची एक पद्धत अशी आहे की ती निरोगी माणसांवर तपासतात. ज्याला खोकला नाही त्याला आधी खोकला आणायचा, मग औषध द्यायचं, आणि खोकला किती कमी होतो ते मोजायचं. ऐकून आम्हाला हसू आलं होतं. पण खोकला मुद्दाम आणणं अवघड नाही, हे मिरची कांडप चालवणाऱ्या गटांना वेगळं सांगायला नको. लालबागला मसाला कांडून घ्यायला गेलात तर गल्लीत शिरतानाच ठसका लागतो. लाल मिरचीची फोडणी जरा करपली की अंगणात बसलेले आजोबाही खोकतात. मिरचीत जो तिखटपणा आहे त्याचं शास्त्रीय नाव कॅप्सेसिन. तो घशातल्या आणि श्वासनळीतल्या नसांना डिवचतो, नसा मेंदूला कळवतात, आणि मेंदू छातीला सांगतो, जोरात हवा बाहेर फेक. तोच ठसका.

प्रयोगशाळेत हेच मोजूनमापून करतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत सायट्रिक ॲसिड वापरून अशा चाचण्या सुरू झाल्या. सायट्रिक ॲसिड म्हणजे आपण सरबतात, ढोकळ्यात घालतो ते लिंबाचं सत. १९८०च्या दशकापासून मिरचीचं कॅप्सेसिनही वापरायला लागले. दम्याच्या पेशंटला वाफ देतात त्या नेब्युलायझरसारख्या यंत्रातून अगदी थोडं द्रावण फवाऱ्यासारखं एका श्वासात ओढायला देतात. पहिला श्वास अगदी सौम्य, पुढचा थोडा कडक, त्यापुढचा आणखी कडक. मधे एखादा श्वास नुसत्या मिठाच्या पाण्याचा, म्हणजे माणसाला आता काय येणार याचा अंदाज बांधता येऊ नये. प्रत्येक श्वासानंतर पहिल्या काही सेकंदांत किती वेळा खोकला आला ते मोजतात. कितव्या पायरीला दोनदा खोकला आला, कितव्या पायरीला पाचदा आला, हे लिहून ठेवतात. मग त्याच माणसाला औषध देऊन पुन्हा मोजतात. दुसऱ्या एखाद्या दिवशी औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी देतात आणि पुन्हा मोजतात. कोणत्या दिवशी खरं औषध होतं हे माणसालाही माहीत नसतं आणि मोजणाऱ्यालाही. खरं औषध घेतल्यावर जास्त कडक पायरीपर्यंत खोकला आला नाही, तर म्हणायचं, या औषधात खोकला दाबायची ताकद आहे.

(हे वाचून कोणी घरी मिरचीचा धूर करून बघू नका. दम्याच्या माणसाचा जीव त्यात अडकू शकतो. चाचणीच्या ठिकाणी डॉक्टर आणि औषधं हाताशी असतात.)

आता आमच्या मावशींचा पुढचा प्रश्न. त्या म्हणाल्या, "पण मिरचीचा ठसका आणि सर्दीचा खोकला एकच कसा?" मैत्रिणींनो, या विषयातल्या शास्त्रज्ञांनाही याच प्रश्नानं छळलेलं आहे.

सर्दीच्या खोकल्यात घसा आतून सुजलेला असतो, नसा हुळहुळ्या झालेल्या असतात, कफ असतो, आणि हे दिवसरात्र चालतं. मिरचीच्या ठसक्यात नसा धडधाकट असतात, त्यांना क्षणभर डिवचलेलं असतं, आणि मिनिटभरात सगळं थांबतं. शिवाय निरोगी माणसाला ठसका मनानं बराच रोखता येतो. १९९०च्या दशकात ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे प्रयोग झाले. कॅप्सेसिन ओढायला दिलेल्या निरोगी माणसांना सांगितलं, खोकला आला तरी दाबून धरा. त्यांनी तो दाबून धरला. औषध काहीच नाही, नुसतं सांगणं. कीर्तनात, लग्नाच्या मंगलाष्टकांत, पोर नुकतंच झोपलेलं असताना आपणही असा खोकला गिळतोच. पण खूप आजारी माणसाला ते जमत नाही. म्हणजे निरोग्याच्या चाचणीत औषधाचा गुण किती आणि माणसाच्या मनाचा किती, हे वेगळं करणं अवघड.

कोडीनचं उदाहरण घेऊ. कोडीन अफूच्या जातीचं औषध. खोकला दाबणारं सगळ्यात भारी औषध म्हणून कितीतरी वर्षं त्याचं नाव होतं. निरोगी माणसांवरच्या काही चाचण्यांत ते चाललंही. पण कार्डिफमध्येच जेव्हा खऱ्या सर्दीनं खोकणाऱ्या माणसांना कोडीन दिलं आणि दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं बिनऔषधाचं दिलं, तेव्हा दोन्ही गटांचा खोकला सारखाच कमी झाला. भारी औषध घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही सारखेच बरे होत होते. आणि जगात याची उलटी गोष्टही घडली आहे. जुनाट खोकल्यावर गेफापिक्संट नावाचं एक नवं औषध निघालं. कॅप्सेसिननं आणलेल्या ठसक्यावर त्याचा काही खास परिणाम दिसला नाही, पण वर्षानुवर्षं खोकणाऱ्या पेशंटचा दिवसभरातला खोकला मात्र कमी झाला. नुसत्या मिरचीच्या चाचणीवर विसंबले असते तर ते औषध केव्हाच बाजूला पडलं असतं. (त्या औषधानं अनेकांच्या तोंडाची चव जाते, ते वेगळं.)

मग जावेला गुण येतो तो कुठून? तो खोटा नाही. घट्ट गोड पाक घशावरून उतरला की तोंडाला लाळ सुटते, घसा ओला होतो, आवंढा गिळला जातो, खवखव थांबते. औषध घेतलं या भरवशानंही खोकला उतरतो, हे मोजून दाखवलेलं आहे. आणि साध्या सर्दीचा खोकला तसाही आठवडा दोन आठवड्यांत आपला आपण ओसरतो. तिसऱ्या दिवशी बाटली आणली, सातव्या दिवशी खोकला गेला, नाव बाटलीचं झालं.

२००७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १०५ खोकणाऱ्या मुलांवर एक चाचणी झाली. रात्री झोपताना काही मुलांना मध दिला, काहींना मधाच्या चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिलं, काहींना काहीच दिलं नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक कोरड्या खोकल्याच्या बाटल्यांत असतं ते. दुसऱ्या दिवशी आईबापांना विचारलं, रात्र कशी गेली. मधाच्या मुलांची रात्र सगळ्यात चांगली गेली होती. डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या मुलांची आणि काहीच न दिलेल्या मुलांची रात्र यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. आमच्या मावशी हे ऐकून इतक्या खूष झाल्या की काय सांगावं. पण एक गोष्ट पक्की धरा, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. मधात कधीकधी अशा जंतूंची बीजं असतात की तान्ह्याच्या आतड्यात ती वाढून अंग लुळं पडू शकतं. बारशाला मध चाटवायची रीत असली तरी नाही.

या चाचण्यांत एक गोष्ट आपल्या कामाची निघाली. निरोगी बाई आणि निरोगी पुरुष दोघांना कॅप्सेसिन दिलं, तर बाईला कमी कडक पायरीलाच खोकला येतो. हे बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. जगातल्या खोकल्याच्या खास दवाखान्यांत येणाऱ्या पेशंटमध्येही तीनातल्या दोन बायका असतात. त्यामुळे फोडणी टाकताना सून खोकली आणि मुलगा खोकला नाही, तर सून नखरे करते असं म्हणू नका. आणि गंमत बघा, अमेरिकेत १९७७ पासून १९९३ पर्यंत सरकारी सूचनाच होती की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू पोटातल्या बाळाला जपण्याचा होता. पण ज्यांना जास्त खोकला येतो त्यांनाच बाहेर ठेवून औषध तपासलं तर ते आपल्याला कसं लागू पडेल, हा प्रश्न राहतोच.

याला जोडूनच दोन गोष्टी सांगतो, ज्या बायका डॉक्टरांना सांगत नाहीत. पहिली, खोकताना लघवी सुटणं. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींना होतं. लाज वाटते म्हणून बाई देवळात जायचं सोडते, लग्नाला जायचं सोडते. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. सिस्टरला, डॉक्टरबाईंना सांगा. दुसरी, रक्तदाबाच्या गोळ्या. एनालाप्रिल, रामिप्रिल अशी नावं असलेल्या गोळ्यांनी काही माणसांना कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त. अशी बाई महिनोन्महिने खोकल्याच्या बाटल्या संपवते आणि खोकला हटत नाही, कारण तो गोळीनं आणलेला असतो. गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, गोळी सुरू झाल्यापासून खोकला लागलाय, ते बदलून देतात.

आता तुम्ही म्हणाल, निरोगी माणसांवर तपासणं हा वेडेपणाच की. तसं नाही. नवं औषध अंगाला बाधतं का, किती डोस चालतो, रक्तात किती वेळ राहतं, हे आधी धडधाकट माणसावर बघणं बरं. आजाऱ्यावर थेट कशाला टाका? आणि सर्दीच्या माणसाचा खोकला रोज बदलतो, त्यामुळे मोजायला अवघड, हेही खरं. फक्त ती पहिली पायरी आहे, तिला शेवटची समजू नये.

आमच्या भागात निरोगी माणसांवरच्या चाचणीचा जुना इतिहास आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग आला आणि माणसं पटापट मरू लागली. वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. मग इतर निरोगी माणसांनी टोचून घेतलं, भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनीही घेतलं. परळला जी हाफकिन संस्था आहे ती त्यांच्याच नावाची. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, परळच्या केईएम आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात कोविशिल्ड लशीची चाचणी झाली, तीही निरोगी स्वयंसेवकांवर. दोन्ही ठिकाणी ते बरोबरच होतं, कारण लस निरोग्यालाच द्यायची असते. खोकल्याचं औषध घेणारा माणूस आजारी असतो. म्हणून त्याचा शेवटचा निकाल आजारी माणसाकडूनच यायला हवा. आमच्या बैठकीत हा फरक समजायला दोन तास गेले, पण एकदा समजल्यावर कोणी विसरलं नाही.

तुरुंगातल्या कैद्याचं "हो" किती मोकळं होतं, असा एकीनं प्रश्न काढला. बरोबर आहे. आज तुरुंग नाही, पण पैशाची गरज आहे. औषध कंपन्यांसाठी निरोगी माणसांवर चाचण्या होतात आणि त्यासाठी पैसे मिळतात, हे चाळीतल्या बेरोजगार पोरांनाही ठाऊक आहे आणि गावातल्याही. कोणी जाणार असेल तर आपण आई म्हणून, बहीण म्हणून काय विचारायचं ते सांगतो. निरोगी माणसाला त्या औषधाचा स्वतःला काहीच फायदा नसतो, हे आधी समजून घ्या. २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे चाचणीला नीती समितीची परवानगी लागते. माहितीचा कागद आणि संमतीचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत असायला हवा आणि त्याची प्रत आपल्याला मिळायला हवी. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई द्यावी लागते. मध्येच सोडायचं असेल तर केव्हाही सोडता येतं. एका चाचणीतून दुसरीत लगेच उडी मारायची नाही, आधीचं औषध अंगात असतं आणि दोन्ही मिळून घात करू शकतात. कागद न दाखवता कोणी दलाल "सही कर, पैसे घे" म्हणत असेल तर तिथून परत फिरायचं.

पुन्हा बाटलीकडे येऊ. आमच्या गटात आता कोणी बाटली आणली की वर्तमानपत्र वाचावं तशी ती वाचतात. अक्षर बारीक आणि इंग्रजी, म्हणून दहावीतल्या मुलींना बोलावतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिसलं तर ती खोकला दाबणारी. ब्रोमहेक्झिन, ॲम्ब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन दिसलं तर कफ पातळ करून बाहेर काढणारी. क्लोरफेनिरामिन दिसलं तर झोप आणणारी, पोर गप्प होतं ते बऱ्याचदा त्यानं. कधीकधी एकाच बाटलीत कफ सुटायचं औषध आणि खोकला दाबायचं औषध दोन्ही असतात. म्हणजे केर दारापर्यंत आणायचा आणि दार लावून घ्यायचं. कोडीन दिसलं तर ती बाटली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, अंगावर पाजणाऱ्या आईनं आणि बारा वर्षांखालच्या मुलांनी तर घ्यायचीच नाही. नशेसाठी ती पिणारी पोरं शहरातच आहेत असंही समजू नका.

यात एक गोष्ट आम्हाला फार आवडली. ब्रोमहेक्झिन हे आपल्या अडुळशावरून निघालेलं औषध आहे. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचा घटक असतो, त्यावरून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन बनवलं. कुंपणाला असलेल्या अडुळशाची पानं उकळून आजी काढा द्यायची, ती कफ सुटायला. खोकला दाबण्यासाठी नव्हे. पण गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत, हेही जुन्या बायकांना माहीत होतं.

आता जड गोष्ट. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं औषध पिऊन लहान मुलांच्या किडन्या बंद पडल्या. त्यातली बरीच मुलं उपचाराला आपल्या नागपुरात आणली होती. वीसहून जास्त मुलं गेली. तपासणीत त्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल ४८ टक्क्यांहून जास्त निघालं. हे कारखान्यात वापरायचं गोडसर रसायन, औषधात घालायच्या चांगल्या द्रावणापेक्षा स्वस्त. मुंबईला हे नवं नाही. १९८६ साली जे.जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिल्यानं १४ पेशंट दगावले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली होती. चाळीस वर्षांनी तेच विष, या वेळी पोरांच्या चमच्यात.

निरोग्यावर तपासा नाहीतर आजाऱ्यावर, अशी भेसळ त्या चाचणीत सापडत नाही. ती प्रत्येक घाण्याच्या तपासणीत सापडायला हवी, ते काम कारखान्याचं आणि सरकारचं, आणि त्यावर आपण भांडलंच पाहिजे. पण आम्हाला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या गोष्टीनं. त्या मुलांना मुळात साधा सर्दी-खोकला होता. ज्या औषधाचा पोराला फायदा होतो हे धड सिद्धच झालेलं नाही, त्यासाठी हा धोका घेतला गेला. ऑक्टोबरमध्येच केंद्र सरकारनं सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही साधारणपणे नकोत. हे वाक्य आम्ही मोठ्या अक्षरात लिहून जिन्याजवळ चिकटवलंय. तुमच्या अंगणवाडीतही चिकटवा. औषध दिल्यावर पोराला उलट्या होत असतील आणि लघवी कमी झाली असेल तर वाट बघायची नाही, बाटलीसकट मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

दाबू नये असाही खोकला असतो. आमच्या सासऱ्यांच्या पिढीनं गिरण्यांत काम केलं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी खात्यात शिरलं की छाती आवळायची आणि खोकला सुटायचा. तो कापसाच्या धुळीचा आजार होता, केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांत त्याचा अभ्यास केला. त्या माणसांना धूळ कमी व्हायला हवी होती, बाटली देऊन काय होणार? तुमच्याकडे चुलीच्या धुरानं खोकणारी बाई तशीच. आमच्याकडे पाडकामाच्या धुळीत खोकणारी पोरं तशीच, म्हणून आम्ही पाणी मारा, हिरवं कापड लावा म्हणून सारखं बोलत असतो.

आणि टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं, थुंकीत रक्त दिसतं, तर बाटली बदलत बसायचं नाही. आशाताईला सांगा, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, औषधं फुकट मिळतात, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. १६० चौरस फुटांच्या खोलीत एकाचा टीबी दाबून ठेवला तर तो आठांचा व्हायला वेळ लागत नाही. एका पेशंटच्या सासूनं आम्हाला सांगितलं होतं, खोकला कमी झाला म्हणून तपासणी पुढे ढकलली. तो कमी कशानं झाला होता, ते तुम्हाला आता कळलं असेल.

या गणपतीला गावी जाताना आमच्यातल्या काहीजणींनी पिशवीत बाटलीऐवजी मापाची टोपी आणि मधाची लहान बरणी नेली. जावा नाराज झाल्या, नाही असं नाही. एकीनं तर तोंडावर म्हटलं, मुंबईवाल्या कंजूस झाल्या. मग ओट्यावर बसून मिरचीच्या ठसक्याची गोष्ट सांगावी लागली. तिथल्या गटानं ठरवलं की फळीवरच्या सगळ्या बाटल्या पुढच्या बैठकीला घेऊन यायच्या, रिकाम्या असल्या तरी. एकवीस निघाल्या. त्यातल्या सहांची तारीख उलटलेली होती, आणि दोनांवर कागदच नव्हता.

तुमच्याकडे किती निघतात ते या केंद्राला कळवा.